चैत्रगौरीची आरास संध्याकाळपर्यंत टिकत नाही? आधी हे तपासा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसली की वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकवं सुरू असतात. या महिन्यात घरच्या, नात्यातल्या आणि सोसायटीतल्या आराशी लावायला मी दर वर्षी जाते. सगळीकडे तक्रारी त्याच ऐकू येतात. सकाळी फोटो काढला तेव्हा आरास छान दिसत होती, सात वाजता बायका आल्या तेव्हा तिची रया गेली होती. मग पुढच्या वर्षी फुलं जास्त आणली जातात, माळा जास्त लावल्या जातात, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. सजावट कमी पडली म्हणून आरास बिघडत नाही. ऊन, वारा आणि पाणी या तिघांचा हिशेब चुकला की ती बिघडते. म्हणून नवीन काही विकत घेण्याआधी खालच्या क्रमाने तपासत जा. आधी बिनखर्चाच्या गोष्टी आहेत, शेवटी सुतार आणि इलेक्ट्रिशियन.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतं ते बघा:

- दुपारी चारपर्यंत गुलाब, जरबेरा माना टाकतात, मोगरा तपकिरी पडतो.
- पायऱ्यांवरचं कापड पुढे घसरतं, वरची भांडी कलतात, पाळणा वाकडा दिसू लागतो.
- कलिंगडाचं कमळ बसतं आणि खालच्या कापडावर गुलाबी ओल पसरते.
- डाळीला किंवा पन्ह्याला वेगळीच चव लागते, भिजवलेल्या हरभऱ्यांना वास येतो.
- बत्तासे चिकट होतात, मुंग्या लागतात.
- समई सारखी विझते, नाहीतर तेल ओघळून खाली येतं.
- दिव्यांची माळ अर्धीच लागते, किंवा माळ लावली की घरातली वीज जाते.

सगळ्यात आधी काय बिघडलं ते आठवा. फुलं आधी गेली असतील तर ऊन किंवा वारा. कापड आधी सरकलं असेल तर पाया. खालून ओल आली असेल तर फळं. एकदम दोन-तीन गोष्टी गेल्या असतील तर बहुतेक वेळा आरास फार लवकर मांडलेली असते, आणि तपासायला सुरुवात तिथूनच करायची.

१. वेळ

याला एक पैसाही लागत नाही आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सकाळी अंघोळी झाल्या की उत्साहाने सगळं मांडून टाकायचं आणि दुपारभर ते तसंच उभं ठेवायचं, अशी पद्धत बऱ्याच घरांत आहे. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळीसच्या आसपास जातो, विदर्भात त्याच्याही वर. घरात आठ तास उभं राहिलेलं कापलेलं फूल आणि कापलेलं फळ संध्याकाळी ताजं राहणारच नाही.

माझी वाटणी अशी असते. पायऱ्या, कापड, पाळणा, खेळणी, पितळी भांडी, दिव्यांच्या माळा हे सगळं कोरडं काम आदल्या रात्री. कैऱ्यांचे घोस, आंब्याचे टाळे, नारळ, अख्खी फळं सकाळी. फुलं चारनंतर. कापलेली फळं आणि वाट्या बायका यायच्या अर्धा तास आधी. गौरीची पूजा सकाळीच करायची असेल तर जरूर करा. तिला वाहायची फुलं वेगळी ठेवा आणि आराशीची फुलं संध्याकाळसाठी राखा. पूजा आणि आरास एकाच वेळी उरकली पाहिजे असं कुठेही नाही.

२. ऊन

आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता, जिथे आरास मांडायची तिथे जाऊन उभं राहा. सकाळी सावलीत असलेला कोपरा दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून थेट उन्हात येतो, हे सकाळी मांडताना लक्षात येत नाही. काचेतून येणारं ऊनही तेवढंच तापवतं. पडदा ओढून भागत असेल तर उत्तमच, नाहीतर आरास समोरच्या भिंतीला न्या. फोकसचा जुना हॅलोजन दिवा लावत असाल तर तोही ऊनच धरा. त्याच्या झोतात मोगऱ्याच्या कळ्या तासाभरात वाळतात. एलईडी लावा.

३. वारा

पंखा बंद ठेवता येत नाही, एवढ्या बायका घामाघूम होऊन बसणार कशा? पण वारा नेमका कुठे जातो ते कळायला हवं. संध्याकाळी पंखा जितका ठेवणार तितकाच ठेवा. एक उदबत्ती पेटवून प्रत्येक पायरीसमोर थोडा वेळ धरा. धूर सरळ वर गेला तर ती जागा शांत आहे. धूर झटकन आडवा झाला तर तिथे समई विझणार, फुलं सुकणार आणि समोरची रांगोळी पसरणार. खोलीच्या मधला छताचा पंखा बंद ठेवून बायका बसतात त्या बाजूला उभा पंखा लावला की बहुतेक घरांत प्रश्न सुटतो.

हे महत्त्वाचं का, तर फूल पाकळ्यांमधून आणि पानांमधून सतत पाणी सोडत असतं. वारा जितका जोरात, तितकं ते लवकर रितं होतं. देठ तितक्या वेगाने पाणी वर ओढू शकत नाही आणि मग मान पडते.

नागपूर-अकोल्याकडे कूलर असतो, तिथे उलटा त्रास. कूलरच्या ओलसर हवेत फुलं बरी राहतात, पण बत्तासे आणि साखरेच्या गाठी चिकट होतात. मुंबई-कोकणातही तेच, कूलरशिवायच. तिथे बत्तासे डब्यातून शेवटच्या क्षणी काढा आणि धातूच्या थंड वाटीऐवजी कागद घातलेल्या परडीत ठेवा.

४. पाया

टेबलावर किंवा चौरंगावर डबे, पुस्तकांची खोकी, स्टुलं रचून आपण पायऱ्या करतो आणि वर शालू किंवा पैठणी अंथरतो. आरास कलते ती याच जोडणीमुळे.

आधी हाताने हलवून बघा. प्रत्येक पायरीला समोरून दोन बोटांनी हलकं ढकला. डुगडुगली तर त्या डब्याखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवा. रिकामे डबे वापरू नका. खालच्या पायरीचे डबे तांदूळ-गव्हाने भरलेले असू द्या, नाहीतर वरचं वजन त्यांना पुढे लोटतं. मग एक ताटली ठेवून तिच्यात गोटी सोडा. गोटी ज्या बाजूला घरंगळते ती बाजू उतरती आहे. डोळ्यांना सरळ वाटणारी पायरी अशी तपासली की बऱ्याच वेळा पुढे उतरती निघते, आणि संध्याकाळपर्यंत पाळणा थोडा थोडा करत कडेला का येतो ते कळतं.

मग कापड. पत्र्याच्या डब्यावर सरळ रेशीम अंथरलं तर ते घसरणारच, दोन्ही गुळगुळीत. मध्ये जाड सुती चादर किंवा सतरंजी हवी. सुती चादर डब्यांना घट्ट बांधून घ्या, मागच्या बाजूने सुतळीने. तिच्यावर रेशमी कापड टाका आणि प्रत्येक पायरीच्या आतल्या कोनात, जिथे उभा भाग आणि आडवा भाग भेटतो, तिथे एक लांब पट्टी किंवा लाटणं दाबून बसवा. कापड तिथे अडकतं आणि वरची भांडी ठेवताना ओढलं जात नाही. टाचण्या लावायच्याच असतील तर फक्त सुती थरात लावा. जरीत टाचणी गेली की भोक राहतं आणि जर उसवायला लागते. पैठणीच्या कडा मागे घेऊन कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरल्या तर समोरून काही दिसत नाही.

मागच्या पडद्यासाठी थर्माकोल आणू नका. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहेच, शिवाय समईजवळ तो पेटला तर क्षणात वितळतो आणि धूर अतिशय वाईट. पुठ्ठा, बांबूची चटई, जुनी नऊवारी, काहीही त्यापेक्षा चांगलं दिसतं.

५. फुलं

इतकं करूनही फुलं माना टाकत असतील तर आता फुलांकडे वळा. देठ कापल्या क्षणापासून त्यात हवा शिरते आणि पाणी वर जाण्याची वाट बुजते. बाजारातून आणलेली फुलं तशीच फुलदाणीत ठेवली तर पाण्यात उभी राहूनही ती तहानलेली असतात. आणल्या आणल्या देठाची खालची दोन-तीन सेंटीमीटर धारदार सुरीने तिरकी कापा. बोथट कात्रीने देठ चेपतो आणि उपयोग शून्य होतो. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती सडून पाणी घाण करतात. मग बादलीत गळ्यापर्यंत पाणी भरून फुलं दोन-तीन तास मोरीच्या अंधाऱ्या, गार कोपऱ्यात उभी करून ठेवा. एवढं केलेलं फूल आणि न केलेलं फूल सात वाजता शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक सांगावा लागत नाही. पाण्यात साखर घाला, लिंबू पिळा, गोळी टाका असे सल्ले मिळतील. आरास आठवडाभर ठेवायची असेल तेव्हा त्यांचा विचार करा. एका संध्याकाळीला स्वच्छ पाणी पुरतं.

माळेच्या फुलांना देठ नसतात, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी. मोगरा दुपारी कळ्यांच्या रूपात घ्या. ओल्या मलमलीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. वरच्या, बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलात तर गारठ्याने काळा पडेल. पाच वाजता माळ लावली की सात-साडेसातला कळ्या आपोआप उमलतात आणि घरभर वास पसरतो. हा क्षण नेमका पाहुण्यांच्या वेळेला जुळवता येतो, म्हणून मला आराशीत मोगरा सगळ्यात प्रिय आहे. उमललेला मोगरा सकाळी आणून लावला तर संध्याकाळी हाती तपकिरी पाकळ्या राहतात.

पांढऱ्या चाफ्याच्या पाकळीला जिथे बोट लागतं तिथे ती काळवंडते. देठाला धरूनच ठेवा. सोनचाफा फुलवाले बाटलीतल्या पाण्यात ठेवतात ते उगीच नाही, आराशीतही त्याला छोट्या काचेच्या वाटीत पाण्यावरच ठेवा. झेंडूची काळजी नको, तो दिवसभर तग धरतो. बजेट कमी असेल तर मागच्या बाजूला सगळा झेंडू आणि गौरीच्या जवळ थोडा मोगरा, एवढ्यावरही आरास भरगच्च दिसते. बहावा याच दिवसांत फुलतो, पण त्याचे घोस तोडल्यावर पाकळ्या लगेच गळू लागतात. तो झाडावरच शोभतो.

आता एक कारण, जे फार कोणाच्या लक्षात येत नाही. पिकलेले आंबे आणि फुलं शेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो. आंबा पिकवतो तोच वायू फुलांना लवकर म्हातारं करतो. कार्नेशन आणि ऑर्किड तर त्याला अगदीच नाजूक. हापूसची परडी आराशीच्या एका टोकाला आणि फुलं दुसऱ्या टोकाला, असं करा. फ्रिजमध्येही मोगऱ्याची पुडी आंब्यांच्या कप्प्यात नको.

कैऱ्यांचे घोस लावत असाल तर चिकाची आठवण ठेवा. ताज्या तोडलेल्या कैरीच्या देठातून चीक येतो. तो रेशमावर पडला की डाग जात नाही, आणि हाताला लागला तर चुरचुरतं. घोस आदल्या दिवशी आणून देठ खाली करून मोरीत रात्रभर ठेवा, मग धुऊन पुसून सकाळी टांगा.

६. कलिंगड आणि इतर कोरीव फळं

कलिंगडाचं कमळ, टोपली, होडी, काकडीचे हंस, गाजराची फुलं: चैत्रगौरीच्या आराशीची खरी हौस इथे दिसते. आणि सगळं पाणीही इथूनच येतं.

आधी कलिंगडाचा तळ बघा. ते घरंगळू नये म्हणून आपण खालून एक चकती कापतो. ती चकती फक्त हिरव्या सालीची हवी. सुरी पांढऱ्या भागातून पुढे लालपर्यंत गेली की तळाला भोकच पडलं म्हणायचं, मग वरून कितीही पुसा, खालून थेंब थेंब येतच राहणार. चकती उचलून बघा. कापलेल्या जागी पूर्ण पांढरं, कडक दिसलं तर ठीक. जरा जरी गुलाबी झाक दिसली तर ते कलिंगड कापून खायला घ्या आणि आराशीला दुसरं आणा.

दुसरं, कोरल्यावर ते लगेच मांडू नका. सुरीने पेशी फाटतात आणि पहिला अर्धा-पाऊण तास त्यांतलं पाणी निथळतं. ते चाळणीवर उपडं करून परातीत ठेवा, वर ओलं फडकं, आणि परात फ्रिजमध्ये. निथळल्यावरच मांडा, तेही खोलगट ताटलीत, तळाला टिपकागद घालून. चवीसाठी मीठ-चाट मसाला आधी भुरभुरू नका. मीठ गरातलं पाणी बाहेर खेचतं आणि पाकळ्या मऊ पडतात. गाजर, मुळा, काकडी यांची फुलं मात्र बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. ती पाणी पिऊन ताठ होतात आणि पाकळ्या स्वतःहून उघडतात.

आराशीत मांडलेलं कोरीव कलिंगड आणि वाटायचं कलिंगड वेगवेगळं असावं असं मी आग्रहाने सांगते. कापलेलं फळ साध्या खोलीत दोन तासांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर ते खाऊ नये. खोलीचं तापमान 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा. चैत्रातली आपली खोली बहुतेक या दुसऱ्या प्रकारात येते. तेव्हा आराशीतलं फळ बघायला आणि फ्रिजमधलं खायला. वाया जाईल म्हणून जीव हळहळत असेल तर आराशीत लहान फळ कोरा.

७. डाळ, पन्हं, हरभरे

आंब्याची डाळ आणि पन्हं हा त्या संध्याकाळचा आत्मा आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर.

आधी भांडं बघा. आरास शोभावी म्हणून डाळ पितळी पातेल्यात आणि पन्हं पितळी घागरीत ठेवायचा मोह होतो. भांड्याची कल्हई उडालेली असेल तर कैरीच्या आंबटपणामुळे पदार्थ कळकतो, जिभेला धातूसारखी तुरट चव येते, पोटालाही ते वाईट. कळकलेलं टाकूनच द्यायचं, गूळ वाढवून चव झाकू नका. आतून पांढरी चकाकी एकसारखी दिसते का, पिवळे किंवा तांबूस पट्टे दिसतात का, ते उजेडात धरून बघा. पट्टे दिसले तर भांडं शोभेला ठेवा, आत स्टीलचं किंवा काचेचं भांडं बसवा, आणि पुढच्या वर्षाच्या आत कल्हईवाला गाठा. घरी घासून कल्हई परत येत नाही.

डाळ आंबट, चिकट होत असेल तर तीन ठिकाणी बघा. हरभऱ्याची डाळ चार-पाच तासच भिजवा, रात्रभर नको. फोडणी पूर्ण गार झाल्यावर घाला. गरम फोडणी घालून डब्याचं झाकण लावलं की आत वाफ धरते आणि तिथूनच बिघाड सुरू होतो. ओलं खोबरं वाढायच्या वेळी वरून घाला. उन्हाळ्यात सगळ्यात आधी खोबरंच उतरतं.

पन्ह्याचा गर घट्टच ठेवा: उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, हवं तर केशर. तो फ्रिजमध्ये, आणि गार पाणी वाढायच्या वेळी. पातळ करून दोन तास बाहेर ठेवलेल्या पन्ह्याला फेस दिसला तर ते देऊ नका. पाहुण्यांमध्ये लहान मुलं आणि गरोदर बायका असतात.

ओटीच्या हरभऱ्यांना वास येतो, कारण ते आदल्या रात्री भिजवून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाण्यातच राहतात. आठ-दहा तास पुरतात. सकाळी आठला भिजवा, पाचला उपसा, दोन पाण्यांतून धुऊन पंचावर पसरून कोरडे करा. कोरडे हरभरे ओटीत घातले की समोरच्या बाईच्या साडीवर ओलीचा गोल उमटत नाही. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक जण घरी जाऊन साडी बघते.

८. मुंग्या

औषधाच्या खडूने रेघ मारायला धावू नका, प्रसादाजवळ विष नको. मुंग्यांची रांग कुठून येते ते मागे मागे जाऊन शोधा. ती वाट साबणाच्या पाण्याने पुसून काढा, म्हणजे मुंग्यांनी वाटेवर सोडलेला वास जातो आणि रांग तुटते. मग टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. एवढं करूनही मुंग्या येत असतील तर खाली वाकून बघा: टेबलावरच्या कापडाची झालर जमिनीला टेकलेली असते, नाहीतर दिव्याच्या माळेची वायर भिंतीवरून टेबलावर आलेली असते. त्यांना पूल मिळालेला असतो. झालर चार बोटं वर घ्या, वायर पाण्याच्या वाटीतून नेऊ नका, तिच्या मार्गावर हळद टाका किंवा तिची जागा बदला.

चैत्रांगणाच्या रांगोळीवर मुंग्या दिसल्या तर ती तांदळाच्या पिठीची असणार. दगडाच्या रांगोळीला मुंग्या येत नाहीत. आणि रांगोळी उडत असेल तर पाटाला आधी गेरूचा हात द्या आणि तो किंचित दमट असतानाच पाळणा, शंख, गोपद्म, सूर्य-चंद्र काढून घ्या. गेरू रांगोळी धरून ठेवतो, गुळगुळीत फरशी धरत नाही. पाटावर काढलेलं चैत्रांगण उचलून बाजूलाही ठेवता येतं, बायकांच्या पदरांनी पुसलं जात नाही.

९. समई

समई विझत असेल तर वाऱ्याची तपासणी पुन्हा करा. तेल ओघळत असेल तर वातीचं टोक पन्हळीच्या बाहेर किती लोंबतंय ते बघा. वात तेल ओढते, आणि टोक कडेच्या खाली गेलं की तेल ज्योतीकडे न जाता तिथून थेंब थेंब खाली उतरतं. टोक करंगळीच्या पेरापेक्षा कमी बाहेर ठेवा, काठोकाठ तेल भरू नका, समईखाली ताटली हवीच.

समई कुठे ठेवायची याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. हळदीकुंकू घ्यायला, गौरीला फूल वाहायला बायका वाकतात तेव्हा पदर पुढे येतो. समई मध्ये, समोर असेल तर तो पदर ज्योतीवर जातो, आणि आजकालच्या बऱ्याच साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात, त्या वितळून अंगाला चिकटतात. समया दोन्ही बाजूंना, कापडापासून हातभर दूर, आणि लहान मुलांच्या वाटेत नाहीत अशा. जवळ पाण्याची बादली भरून ठेवा. जागाच नसेल तर गौरीपुढे एक निरांजन पुरे आहे.

परदेशात हॉल भाड्याने घेऊन हळदीकुंकू करणाऱ्या मंडळींनी आगीबाबतचे नियम आधीच विचारून घ्यावेत. बऱ्याच ठिकाणी उघड्या ज्योतीला परवानगी नसते आणि कापराच्या धुरानेही अलार्म वाजतो. बॅटरीचा दिवा लावलात तरी गौर रुसत नाही.

१०. दिव्यांची माळ, आणि कुठे थांबायचं

माळ अर्धीच लागत असेल तर तिच्यातले दिवे गटागटाने एकामागून एक जोडलेले असतात. एका दिव्याचा पाय सुटला की तो सगळा गट विझतो. माळ प्लगमधून काढा आणि मग विझलेल्या भागाच्या दोन्ही टोकांचे दिवे, जोड, अडॅप्टर हाताने दाबून बघा. पुन्हा प्लग लावल्यावर लागली तर छान. वायरचं प्लास्टिक कुठेही तडकलेलं, तांबं उघडं दिसत असेल तर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नका. नवीन माळ स्वस्त मिळते.

माळ लावली की वीज जाते, तेव्हा बोर्डावर कुठला खटका पडला ते बघा. एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) पडली तर एका लाइनवर भार जास्त झाला किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर माळा, उभा पंखा आणि चहाची किटली असं लावलेलं असेल तर किटली स्वयंपाकघरात हलवा आणि एकदाच पुन्हा वर करून बघा. आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा खटका) पडली तर वीज कुठेतरी गळते आहे, आणि आराशीत तशी गळायला फुलदाणीचं सांडलेलं पाणी आणि कलिंगडाखालची ओल तयारच असते. मुख्य स्विच बंद करा, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून कोरड्या, उंच जागी ठेवा, सगळे प्लग काढा, पुसून कोरडं करा, मग एकेक करून लावा.

इथे थांबायचं. सगळे प्लग काढूनही खटका पडत असेल, एकदा वर केल्यावर पुन्हा पडला असेल, स्विच किंवा प्लग हाताला गरम लागत असेल, जळका वास येत असेल, किंवा पितळी झोपाळ्याला, समईला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुढे काहीही करून बघू नका. मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्या संध्याकाळी आरास निरांजनाच्या उजेडात होऊ दे.

पाळणा छताला टांगायचा असेल तरीही माणूस बोलवा. घरातल्या जुन्या कडीला गंज आहे का, ती खोबणीत फिरते का, एवढंच आपण बघू शकतो. फिरत असेल तर त्या कडीला काही टांगू नका. जिप्समच्या फॉल्स सिलिंगला तर लहान पाळणाही नको, ते सिलिंग स्वतःचंच वजन कसंबसं पेलतं. खऱ्या स्लॅबमध्ये कडी बसवायला ड्रिल लागतं आणि स्लॅबमध्ये वायरी कुठून गेल्यात ते माहीत असणारा माणूस लागतो. जुन्या लाकडी पाळण्याचे सांधे खिळखिळे झाले असतील तर वर खिळे ठोकू नका, लाकूड फाटतं. सुताराला द्या. गौरीच्या चांदीच्या मूर्तीचा हात किंवा प्रभावळ सुटली तर चटकन चिकटणारा गोंद लावू नका, नंतर सोनाराला तो आधी खरवडावा लागतो. सुतार, सोनार या दिवसांत भेटत नाहीत, तेव्हा हे काम फाल्गुनातच काढा. यंदा वेळ गेली असेल तर पाळणा चौरंगावर ठेवा, दोन्ही बाजूंना तांदूळ भरलेल्या वाट्यांचा टेकू द्या आणि गौरीला त्यात बसवा.